लिवाच्या वाळवंटात मित्रांसोबत एक रात्र: अनुभव, तयारी, चर्चा

आखातकर

दुबई-अबुधाबीत राहणारे आपले बहुतेक लोक वाळवंट पाहतात ते सफारीच्या गाडीतून. दुपारी घरून उचलतात, अर्धा तास टेकड्यांवरून गाडी उडवतात, मग गालिच्यावर बसून बार्बेक्यू, तनुरा नाच, आणि रात्री नऊपर्यंत सगळे परत. गावाकडून आलेल्या पाहुण्यांसाठी ते ठीकच आहे. पण इथे वर्षानुवर्षं नोकरी करून वाळवंटात एकही रात्र न काढता परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

मागच्या शनिवार-रविवारी आम्ही मित्रमंडळी लिवाला जाऊन आलो. काही कुटुंबं मुलांसह, दोघं सडेफटिंग, सगळ्या गाड्या फोर बाय फोर. शारजात नोकरी असलेल्या मित्राला शुक्रवारीही सुट्टी असते, त्यामुळे लाकडं, कोळसा, पाणी, बर्फ ही सगळी जमवाजमव त्याच्याकडे. बाकी आम्ही शनिवारी पहाटे निघालो. अबुधाबी ओलांडून तारिफपर्यंत समुद्राच्या बाजूचा हायवे, तिथून डावीकडे वळून मदिनत झायद आणि पुढे मुझैरा. दुबईहून थांबत थांबत गेलं तर साडेतीन-चार तास लागतात. मुझैरात पेट्रोलच्या टाक्या काठोकाठ भरायच्या, कारण मऊ वाळूत गाडी रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल पिते.

लिवा म्हणजे सुमारे १०० किलोमीटर लांबीची, चंद्रकोरीसारखी वळलेली खजुरीच्या बागांची आणि वाड्यांची रांग. एवढ्या रखरखाटात बागा कशा, तर इथे वाळूखाली फार खोल न जाता पाणी लागतं. अबुधाबीचं राजघराणं ज्या बनी यास टोळीतलं, तिचं हे जुनं ठिकाण. अठराव्या शतकाच्या शेवटी त्यांचे प्रमुख इथून अबुधाबीच्या बेटावर राहायला गेले. त्यानंतरही लोकांची ये-जा चालूच राहिली, मोत्यांसाठी किनाऱ्याकडे आणि खजुरासाठी लिवाकडे. बागांच्या दक्षिणेला पाऊल टाकलं की रुब अल खाली हे अफाट वाळवंट सुरू. सौदी, ओमान, येमेन आणि अमिराती अशा चार देशांत मिळून सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर. आपला अख्खा महाराष्ट्र त्यात दोनदा मावेल.

मुझैरापासून तल मोरीबपर्यंत पक्का डांबरी रस्ता आहे आणि तो रस्ताच बघण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना तांबूस टेकड्या, मध्ये मध्ये पांढरट सपाट सबखा, म्हणजे मिठाची खरपट जमीन. तल मोरीब हा जवळजवळ ३०० मीटर उंचीचा वाळूचा कडा. वर्षाच्या शेवटी इथे मोठा उत्सव भरतो आणि गाड्या थेट त्या उतारावर चढवण्याच्या शर्यती लागतात. त्या काळात शांतता हवी असेल तर इकडे फिरकू नका. आम्ही उत्सव उठल्यावर गेलो, तेव्हा पायथ्याशी मोजक्याच गाड्या होत्या.

डांबरी रस्ता सोडायच्या आधी सगळ्यांनी टायरमधली हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवली. आत फार लांब गेलो नाही. दोन-तीन रांगा ओलांडल्या, रस्त्यावरचे दिवे दिसेनासे झाले, तिथे एका उंच टेकडीच्या आडोशाला सपाट जागा मिळाली. वारा येतो त्या बाजूला गाड्या आडव्या लावल्या, मागे तंबू ठोकले. नेहमीच्या बारीक खुंट्या वाळूत धरत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून त्या पुरल्या आणि दोऱ्या त्यांना बांधल्या.

संध्याकाळी मुलं टेकडीच्या उभ्या बाजूवरून घसरत असताना वाळूतून आवाज यायला लागला. आधी पायाखाली थरथर, मग एक लांब घुमणारा घोष. मुलं घाबरून थांबली की आवाजही थांबायचा. कोरडी, एकसारख्या आकाराच्या कणांची वाळू उभ्या उतारावरून एकत्र घसरली की तिचे कण एका लयीत एकमेकांवर घासतात आणि आख्खी टेकडी वाजते. लिवा भागातल्या टेकड्या यासाठी ओळखल्या जातात. याबद्दल मी वाचलं होतं, पण अंगात भिनणारा तो आवाज वाचून कळत नाही. मग मोठी माणसंही वर चढून घसरायला लागली!

रात्रीचं जेवण दुबईहून मुरवून नेलेलं मटण, भाकऱ्या, ठेचा, कांदा. शेकोटी तेलाच्या पिंपाच्या अर्ध्या भागात, जमिनीपासून उचललेली. दहानंतर थंडी अशी वाढली की जाकिटं, कानटोप्या सगळं बाहेर आलं. जानेवारीत इथला पारा रात्री १० अंशांच्या खाली सहज जातो. मग कोणीतरी गाडीतला दिवा बंद करायला सांगितलं, शेकोटीही निखाऱ्यांवर आली, आणि वर पाहिलं. मुंबईत वाढलेल्या आमच्यातल्या एकाने आकाशगंगेचा पट्टा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ कोणीच बोललं नाही.

पहाटे तंबूबाहेर पांढरं. दाट धुकं. वीस पावलांवरची गाडी दिसेना आणि तंबूच्या कापडावरून पाणी ओघळत होतं. लिवाकडे हिवाळ्यात असं धुकं बऱ्याचदा पडतं आणि इथले किडे-झुडपं त्याच दवावर तगतात. धुकं विरलं तशा वाळूवर रात्रभराच्या खुणा उमटलेल्या दिसल्या. भुंगेऱ्यांची टाक्यांसारखी रांग, पालीच्या शेपटीची रेघ, आणि आमच्या तंबूंना वळसा घालून गेलेली कोल्ह्याची पावलं. मुलींनी त्या पावलांचा माग शेजारच्या टेकडीपर्यंत काढला.

ज्यांनी अशी रात्र काढली आहे त्यांनी लिहा, आणि ज्यांना काढायची आहे त्यांनी मोकळेपणाने विचारा.

कळसूबाई

फार आवडलं. मी नाशिकची, मुलगा दुबईला आहे, पुढच्या महिन्यात तिकडे येतेय. सूनबाईला जायचंय पण तिचे दोन प्रश्न आहेत आणि ते कुणाला विचारायचे कळत नाही म्हणते. बायकांची सोय काय करता? आणि विंचू-साप?

आखातकर

कळसूबाई ताई, दोन्ही प्रश्न अगदी योग्य आहेत.

सोयीसाठी उघडताच उभा राहणारा उंच, अरुंद तंबू मिळतो. तो मुक्कामापासून लांब, आडोशाला लावायचा. आत वीतभर खोल खड्डा आणि बाजूला फावडं. कागद मात्र पुरायचे नाहीत. वारा वाळू उडवून नेतो आणि महिन्याभरात सगळं उघडं पडतं. झाकणाच्या डब्यात घालून परत आणायचे. आमच्या बायकांनी हे सगळं आधी बसून ठरवलं होतं, त्यामुळे कुणाचीच कुचंबणा झाली नाही.

विंचू आहेत, आणि फुरशाच्या कुळातले सापही आहेत. हिवाळ्यात त्यांचा वावर कमी असतो. बूट तंबूबाहेर ठेवायचे नाहीत, सकाळी घालण्याआधी झटकायचे. लाकडाच्या मोळीत हात घालताना हातमोजे. रात्री अनवाणी फिरायचं नाही. एक जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च, म्हणजे अतिनील किरणांचा, जवळ ठेवा. त्यात विंचू हिरवट चमकतो आणि लांबूनच दिसतो. मुलांना झोपवण्याआधी आम्ही तंबूंभोवती असा एक फेरा मारतो.

सारथी

आखातकर, छान लिहिलंय, पण गाडीबद्दल तुम्ही दोन ओळींत उरकलं, आणि नवखी माणसं अडकतात ती तिथेच. मी बरीच वर्षं इथल्या गटांसोबत वाळूत गाडी चालवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

एकट्या गाडीने वाळूत जायचं नाही. कितीही दणकट पेट्रोल असो की प्राडो. (पेट्रोल म्हणजे निसानची गाडी हो, तिकडच्या वाचकांसाठी.) किमान दोन, खरं तर तीन गाड्या हव्यात आणि त्यातला एक चालक मुरलेला हवा.

हवा उतरवल्यावर टायर रुंद होतो असा समज आहे. तो रुंद थोडाच होतो, लांबीला जास्त पसरतो. गाडीचं वजन मोठ्या भागावर वाटलं जातं आणि चाक रुतत नाही. पण त्याच कमी हवेवर झपकन वळलात तर टायर रिममधून निसटतो. म्हणून वळणं मोठी घ्यायची. परत डांबरावर आल्यावर हवा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही, त्यासाठी कंप्रेसर सोबत हवाच.

वाळूत ब्रेक मारला की चाकांसमोर वाळूचा ढीग साठतो आणि गाडी तिथेच बसते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घ्या, ती आपोआप थांबते. थांबायचं ते उताराकडे तोंड करून. टेकडी चढायची तर नाक सरळ वर आणि उतरायची तर नाक सरळ खाली. तिरकं गेलात की गाडी कलंडायची भीती. माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नसेल तर उतरून, चालत जाऊन बघा. वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि संथ चढाची असते. पलीकडची बाजू साधारण ३३-३४ अंशांचा मोकळ्या वाळूचा उतार. तिथे नकळत गेलेली गाडी मागे घेता येत नाही.

गाडी रुतली तर रेस देऊ नका, ती आणखी खोल जाते. चाकांपुढची वाळू हाताने काढा, हवा आणखी उतरवा, अलगद मागे घ्या. ओढायचं असेल तर दोर गाडीच्या मूळ हुकालाच. मागच्या टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीच नाही. तो तुटला तर गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं दगावली आहेत.

आणि सबखा! वरून फरशीसारखी टणक दिसते, खाली चिखल असतो. पावसानंतर तिच्यावर गेलेली गाडी माणसांनी निघत नाही. जुन्या चाकोऱ्या सोडू नका.

भाड्याच्या गाडीवाल्यांनी कागद वाचा. विमा सहसा रस्त्याबाहेरचं नुकसान धरत नाही.

रानमेवा

वाचतेय. फोटो टाका ना, निदान त्या कोल्ह्याच्या पावलांचे तरी.

आकाशवेडा

लिवा कर्कवृत्ताच्या अगदी जवळ, त्याच्या किंचित दक्षिणेला आहे. म्हणजे पुण्यापेक्षा बरंच उत्तरेला, तरी आकाश आपल्या ओळखीचंच दिसतं. जानेवारीत संध्याकाळ सरली की पूर्वेला मृग चांगला वर आलेला असतो, मागे व्याध, डोक्यावर रोहिणी आणि कृत्तिका. रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेकडे क्षितिजापासून १४-१५ अंशांवर जो एकटा ठळक तारा दिसतो तो अगस्त्य. पुण्याहून तो याहून वर दिसतो.

हा तारा इथल्या लोकांचाही फार लाडका. त्याला सुहैल म्हणतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तो पहाटे दक्षिणेला दिसू लागला की उन्हाळ्याचा कहर ओसरणार, असं आखातातले जुने लोक धरतात, अजूनही तिथल्या बातम्यांत त्याची चर्चा होते. आपल्याकडे अगस्त्याचा उदय झाला की नद्यांचं गढूळ पाणी निवळतं म्हणतात. तिकडे उन्हाचा उतार, इकडे पावसाचा. समुद्राच्या दोन काठांवर शेतकरी, उंटवाले आणि नावाडी एकाच ताऱ्याकडे बघून ऋतू ओळखत होते, हे मला फार भारी वाटतं.

जाणाऱ्यांनी चंद्र बघून तारीख ठरवा. अमावस्येच्या आसपासचा शनिवार धरला तर आकाशगंगा दिसेल. पौर्णिमेला वाळू सुंदर चमकते, टॉर्चही लागत नाही, पण तारे बुजतात.

थरचा प्रवासी

मी जैसलमेरकडे खूप फिरलोय. सम आणि खुरीला आता तंबूंची हॉटेलंच झाली आहेत, रात्री उशिरापर्यंत स्पीकर. तुमचा सफारीचा अनुभव वाचून तेच आठवलं. शांतता हवी तर तिथेही गावकऱ्यांसोबत, उंटावरून, लांबच्या धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, जावं लागतं.

पण मला लिहायचंय ते झाडाबद्दल. अमिरातीचं राष्ट्रीय झाड गाफ म्हणजेच राजस्थानची खेजडी, आणि तीच आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. मारवाडात तिच्या शेंगांची सांगरी होते, पाला शेळ्या-उंटांना. मुळं इतकी खोल जातात की वरची जमीन करपली तरी झाड हिरवं राहतं. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात हीच झाडं वाचवण्यासाठी बिष्णोई समाजातल्या ३६३ जणांनी प्राण दिले. अमृतादेवी त्यांत पहिल्या. लिवाच्या वाटेवर गाफ दिसला तर त्याच्या सावलीत बसताना हे आठवा, आणि सरपणासाठी त्याची वाळकी फांदीसुद्धा तोडू नका.

आखातकर

थरचा प्रवासी, अंगावर काटा आला. हे झाड शमी आहे हे मला ठाऊक नव्हतं. २०१९ हे वर्ष इथे सहिष्णुतेचं वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा बोधचिन्ह गाफचंच होतं, त्याची पाटी रोज ऑफिसला जाताना दिसायची. यंदा दसऱ्याला मुलांना घेऊन एखाद्या गाफजवळ नक्की जाणार.

अनुराधा_अबुधाबी

लाकडाचा विषय निघालाच आहे तर मी जरा कळकळीने लिहिते. लाकडं आणि कोळसा पेट्रोल पंपावर पिशवीत मिळतो, तोच न्या. आणि परत येताना कचरा, कृपा करून, एकूण एक.

दुबईच्या केंद्रीय पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांना मेलेल्या उंटांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडले आहेत. पिशव्या, दोऱ्या, सगळं क्षारांसोबत घट्ट होऊन दगडासारखं. २००८ पासून त्यांनी तपासलेल्या सुमारे ३०,००० उंटांपैकी ३०० जणांच्या पोटात असे गोळे होते. उंटाला वाटतं पोट भरलेलं आहे. तो खाणं सोडतो आणि उपाशी मरतो. वाळवंटात जे वाळू नाही ते सगळं खाण्याजोगं असणार, अशी त्याची हजारो वर्षांची समजूत, आणि आपण तिथे वेफर्सची पाकिटं उडवतो. मला हे सांगताना राग आवरत नाही.

आमचा नियम असा की सकाळी निघण्याआधी सगळे एका ओळीत उभे राहतात, मुलंसुद्धा, आणि मुक्कामाची जागा चालत विंचरून काढतात. आधीच्या कुणाचा कचराही उचलायचा. मुलांना हे काम फार आवडतं.

खाण्याचं म्हणाल तर वाऱ्यात चपात्या लाटायच्या भानगडीत पडू नका, कणकेत वाळू येतेच. भाकऱ्या, दशम्या घरून. तिथे करायचं ते झाकण लावून होणारं. कुकरमधली खिचडी, पिठलं. पहाटे धुक्यात गरम पिठलं नि चहा, याला तोड नाही. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, शिवाय एक जास्तीचा कॅन गाडीत न उघडता ठेवायचा.

रानमेवा

पण एक विचारू? सगळेच आपापल्या गाड्या घेऊन टेकड्यांवर गेले तर वाळवंटाचं काय होणार? तुम्ही कचरा उचलाल, पण चाकांखाली येणारी झुडपं आणि बिळं परत कशी येणार? मला हा प्रश्न खरंच पडलाय, कुणाला टोचून बोलायचं नाहीये.

सारथी

रानमेवा, प्रश्न बरोबर आहे. उघड्या, सरकत्या वाळूवर चाकोरी वाऱ्याने लवकर पुसली जाते. पण टेकड्यांमधल्या सपाट, खडीच्या जमिनीवर ती वर्षानुवर्षं राहते, आणि झुडपं, बिळं असतात तीही तिथेच. म्हणून सपाट जागेत आधीच्या चाकोरीतूनच जायचं, झुडपाला वळसा घालायचा. राखीव क्षेत्रांत परवानगीशिवाय शिरायचंच नाही. अरबी ऑरिक्स हे लांब शिंगांचं हरणासारखं जनावर. तो १९७२ च्या सुमारास रानातून पूर्ण नाहीसा झाला होता. प्राणीसंग्रहालयांत वाचलेल्या कळपांतून त्याची पैदास केली आणि आता तो अशा राखीव भागांत पुन्हा मोकळा फिरतोय. एवढ्या कष्टांनी परत आणलेल्या जनावराच्या मागे गाडी पळवणाऱ्याला आमच्या गटात जागा नाही.

रानमेवा

हे पटलं. आमच्याकडे सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाचं असंच झालं, माळरान मोकळंच आहे म्हणून ज्याला जे वाटेल ते त्याने केलं. म्हणून जीव तुटतो. तुमच्यासारखे लोक गटाने नियम पाळत असतील तर चांगलंच आहे.

थरचा प्रवासी

माळढोक आता मुख्यतः जैसलमेरच्याच भागात उरलाय. तिथेही हेच सांगावं लागतं सगळ्यांना.

कळसूबाई

सगळं सूनबाईला वाचून दाखवलं. ती तयार आहे! पण त्यांच्याकडे साधी सेडान आहे, मुलं लहान आहेत, एक पाच वर्षांचा. लिवाला एकदम जावं का?

आखातकर

ताई, मुलं लहान असतील तर पहिली रात्र लिवाला नको. दुबईपासून तासाभराच्या आत अल कुद्रा आहे. तिथली तळी मानवनिर्मित आहेत, पण हिवाळ्यात पक्षी भरपूर येतात आणि तिथे बऱ्याच जागी साध्या गाडीनेही जवळपर्यंत जाता येतं. शेकोटी थेट जमिनीवर पेटवायची नाही, उचललेल्या भांड्यातच. शनिवारी गर्दी असते, शहराच्या दिव्यांचा उजेडही दिसतो, पण तंबूत झोपायची, थंडीची, अंधाराची मुलांना सवय होते. मध्यरात्री कुणी रडायला लागलं तर घर जवळ आहे, हा आयांना मोठा आधार असतो.

तिथे मुलं रमली की लिवा. मोबाईलची रेंज आत गेल्यावर जाते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या आणि मुक्कामाची जागा, परतायची वेळ घरी कुणाला तरी कळवून ठेवा. पोलिसांचा नंबर ९९९.

आकाशवेडा

अल कुद्राहूनही व्याध, मृग, कृत्तिका छान दिसतात. पाच वर्षांच्या मुलाला मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे दाखवा, तो आयुष्यभर विसरणार नाही. दुर्बीण माझ्याकडे आहे, मी त्या दिवशी येऊ शकतो.

अनुराधा_अबुधाबी

मीही येते. ताई, तुम्ही आलात की कळवा. उंच तंबू, हातमोजे आणि जांभळा टॉर्च माझ्याकडे जास्तीचा आहे. पिठलं माझ्याकडे लागलं, भाकऱ्या तुम्ही आणा, नाशिकच्या हाताच्या.

कळसूबाई

आणते, आणि मिरच्या-शेंगदाण्यांचा ठेचाही. माझं विमान महिन्याच्या दहा तारखेला पोचतंय. त्यानंतरची अमावस्या कधी आहे तेवढं बघून सांगा, म्हणजे मुलाला तो शनिवार मोकळा ठेवायला सांगते.